जुनी फोर-बाय-फोर पिकअप : घ्यायला किती, उभी करायला किती

जुन्या जीपच्या बाजारात दोन प्रकारचे ग्राहक हमखास भेटतात. एक, इंजिन जाम आहे एवढ्याच कारणावरून धडधाकट गाडी सोडून देणारे. दुसरे, इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले या आनंदात कागद न पाहता इसार देऊन मोकळे होणारे. पहिल्याच्या हातून एक गाडी जाते, तेवढेच. दुसऱ्याचे पैसे अडकतात आणि गाडी अंगणात उभी राहते. जाम इंजिन गावातला लेथवाला सोडवून देतो. मालकाच्या नावाचा घोळ आणि कापलेला चेसीस नंबर कोणीही सोडवून देत नाही. जुनी पिकअप घेताना पैसे कुठे मोजायचे आणि कुठे घासाघीस करायची, हे या एका फरकावर ठरते.

इथे डोळ्यांसमोर धरलेली गाडी आहे महिंद्राची ‘एफसी’, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. नाक नसलेली, चपट्या तोंडाची, मागे लोखंडी हौदा असलेली. अमेरिकेत विलीज कंपनीने ती १९५६ च्या अखेरीस आणली, आराखडा ब्रूक्स स्टीव्हन्स यांचा. जीपच्या चेसीसवर चालकाला थेट इंजिनाशेजारी, पुढच्या चाकांवर नेऊन बसवले, त्यामुळे जेमतेम ८१ इंची व्हीलबेसच्या गाडीवर सहा फुटांहून लांब हौदा मावला. महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली होती. १९६५ मध्ये त्यांनी पेट्रोलवरची एफसी-१५० आणली आणि १९७५ मध्ये डिझेलवरची एफसी-२६०. याच सांगाड्यावर पुढे छोट्या बस आणि रुग्णवाहिकाही बांधल्या गेल्या. पिकअपपैकी बऱ्याचशा भंगारात गेल्या, उरलेल्या शेतघरांच्या मागे आणि कारखान्यांच्या कुंपणाला लागून उभ्या आहेत.

ही गाडी पुन्हा उभी करता येते, कारण तिच्या पोटातला माल जीपचाच आहे. पेट्रोल एफसी-१५० मध्ये तेच २.२ लिटरचे ‘हरिकेन’ इंजिन, तोच तीन गिअरचा डबा, तोच ट्रान्सफर केस, जो महिंद्राच्या सीजे-३बी जीपमध्ये वर्षानुवर्षे बसत होता. ती जीप आपल्याकडे इतकी चालली की पिस्टन-रिंग, बेअरिंग, क्लच प्लेट, जॉइंट क्रॉस, ब्रेकचे किट आजही मिळतात. पुण्यात नाना पेठ, दिल्लीत काश्मिरी गेट, पंजाबात लुधियाना इथे चौकशी केली की एका-दोन आठवड्यांत माल हातात येतो. मिळत नाही ते केबिनचे. दरवाजे, समोरची मोठी काच आणि तिचे रबर, डॅशबोर्ड, इंजिनावरचे झाकण, समोरची जाळी, हे फक्त एफसीचे आहे आणि दुसऱ्या एफसीवरूनच काढावे लागते. म्हणून सगळे सुटे भाग अंगावर असलेली बंद गाडी, अर्ध्या केबिनच्या चालू गाडीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते, मग तिला पन्नास हजार जास्त मोजावे लागले तरी.

शोध कुठे घ्यायचा

ऑनलाइन जाहिरातींत दिसणाऱ्या गाड्या बहुधा दलालाच्या हातून गेलेल्या असतात आणि रंग मारून भाव चढवलेला असतो. खरा माल विचारपूस करून मिळतो. साखर कारखान्यांच्या परिसरातली जुनी गॅरेजे, जिनिंग मिलचे मालक, द्राक्ष आणि डाळिंब बागायतदार, खाणी आणि क्रशरवाले यांच्याकडे अशा गाड्या पडून असतात. तालुक्याच्या गावातला साठी ओलांडलेला जीप मेकॅनिक हा सर्वांत चांगला वाटाड्या. कोणाची गाडी कधी बंद पडली आणि त्या वेळी तिच्यात काय बिघडले होते, हे त्याला तोंडपाठ असते. त्याला दोन-पाच हजार रुपये हातावर ठेवा, ते सत्कारणी लागतात.

प्रदेश पाहून गाडी निवडा. सोलापूर, लातूर, अहिल्यानगर, विदर्भ या कोरड्या भागांत उन्हाने रंग जातो, रबर जाते, पण पत्रा आणि चेसीस टिकते. कोकणपट्टी आणि गोव्यातली गाडी वरून देखणी असली तरी खाऱ्या हवेने आतून पोखरलेली असू शकते. कर्नाटकात कोडगू आणि चिक्कमगळूरच्या कॉफी मळ्यांत जुन्या जीप फार जपून ठेवलेल्या आढळतात. मात्र परराज्यातली गाडी म्हणजे तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र (फॉर्म २८), इथे नव्या नंबरासाठी फॉर्म २७ आणि आपल्याकडचा कर, हे सगळे आलेच. तो खर्च मूळ भावातून वजा करूनच बोलणी करा.

पूर्वी एक मोठा मार्ग सरकारी लिलावाचा होता. सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे, वन खात्याच्या जीप लिलावात निघत आणि लोक त्या घेऊन नोंदवत. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी संपुष्टात येते आणि त्या अधिकृत स्क्रॅप केंद्रातच द्याव्या लागतात. तेव्हा ‘खात्याच्या लिलावातली आहे, नंतर पासिंग करून देतो’ असे कोणी आज सांगत असेल तर लिलावाची तारीख आणि खरेदीदाराचे नाव असलेला मूळ कागद मागा. तो नसेल तर तिथूनच परत फिरा.

लष्करी गाड्यांचा ओढा अनेकांना असतो. जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत १९६९ पासून बनलेली जोंगा निसानच्या ‘पॅट्रोल’ या गाडीवरून घेतलेली, सुमारे चार लिटरच्या सहा सिलिंडर पेट्रोल इंजिनाची. गाडी जबरदस्त आहे, यात शंका नाही. पण तिचे सुटे भाग जीपइतके सहज मिळत नाहीत आणि पेट्रोलही ती मोकळ्या हाताने पिते. पहिलीच जुनी गाडी उभी करणाऱ्याने एफसी किंवा लांब चेसीसच्या जीपवर हात बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागद : इथे सवलत नको

आरसी पुस्तक हातात घेतले की आधी चार गोष्टी पाहा. नाव कोणाचे, इंधन कोणते, वर्ग कोणता, बोजा कोणाचा.

नाव बहुतेक वेळा आजोबांचे किंवा वडिलांचे असते. मालक हयात नसेल तर गाडी आधी वारसांच्या नावावर यावी लागते (फॉर्म ३१), त्यानंतर तुमच्या (फॉर्म २९ आणि ३०). चार भावांपैकी तीन सही करायला तयार असतात, चौथा नागपूरला नाहीतर अमेरिकेत असतो. सगळ्यांच्या सह्या होईपर्यंत इसारापलीकडे एक रुपयाही देऊ नका आणि इसार पावती स्टॅम्प पेपरवर करा. बोजा म्हणजे जुन्या कर्जाची नोंद. १९७० च्या दशकात जिल्हा बँकेतून घेतलेले कर्ज केव्हाच फिटलेले असते, पण आरसीवर बँकेचे नाव तसेच राहते. ते उतरवायला बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर हेलपाटे वाढतात. हे काम विकणाऱ्याने करून द्यायचे, अशी अट आधीच घाला.

१९८९ पूर्वीच्या, तीन अक्षरी नंबरांच्या गाड्यांची माहिती अनेकदा ‘वाहन’ प्रणालीत नसते. मोबाइलवर नंबर टाकला आणि काहीच दिसले नाही, म्हणजे गाडी बोगस असे नाही. आरटीओच्या जुन्या रजिस्टरवरून तिची ‘बॅकलॉग’ नोंद करून घेता येते. मात्र ते रजिस्टर सापडते का, हे खरेदीपूर्वी विचारा. ज्या कार्यालयात मूळ नोंदणी आहे तिथे स्वतः जा, एजंटच्या फोनवर विसंबू नका.

इंधनाचा घोळ सर्वांत जास्त सापडतो. पेट्रोल परवडेना म्हणून असंख्य जीप आणि एफसींमध्ये मॅटाडोरचे किंवा प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन बसवले गेले. आरसीवर पेट्रोल आणि झाकणाखाली डिझेल, अशी गाडी पासिंगला उभीच राहत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलाची नोंद लागते, आणि मूळ आराखड्याला सोडून केलेले बदल चालणार नाहीत हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. अशी गाडी घ्यायचीच असेल तर मूळ पेट्रोल इंजिन शोधून परत बसवण्याचा खर्च धरून घ्या.

आता वर्ग. पिकअप आहे म्हणजे ती मालवाहू म्हणून नोंदवलेली असण्याची शक्यता मोठी. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण लागते, मालवाहूला दर वर्षी फिटनेस. विम्यातही फरक पडतो. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांनुसार दीड लिटरवरच्या खासगी गाडीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला ७,८९७ रुपये आहे, तर साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहूचा १६,०४९ रुपये, जीएसटी वेगळा. गाडी हौस म्हणून ठेवायची असेल तर खासगी नोंदणीची एफसी थोडी महाग पडली तरी घ्या, पाच वर्षांत फरक वसूल होतो.

इथेच ‘व्हिंटेज’ नोंदणीचा विषय निघतो. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, पुढच्या नोंदणीला पाच हजार, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. ऐकायला छान वाटते. पण त्यात चारचाकींपैकी फक्त ‘एम-१’, म्हणजे प्रवासी वर्गातली गाडी बसते. मालवाहू वर्गातली पिकअप त्यात येत नाही, हे विकणारे सांगत नाहीत. शिवाय व्हिंटेज नोंदणी झालेली गाडी रोजच्या रस्त्यावर चालवता येत नाही. रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच ती बाहेर काढता येते. ज्याला आठवड्यातून एकदा शेतावर जायचे आहे, त्याने नेहमीचे नूतनीकरण करावे हेच बरे.

नूतनीकरणाचे शुल्कही आता किरकोळ राहिलेले नाही. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या हलक्या खासगी गाडीला पाच हजार रुपये झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला दहा हजार. मुदत उलटून गेली असेल तर चारचाकीला दरमहा पाचशे रुपये विलंब शुल्काची तरतूद आहे. म्हणजे वर्षाला सहा हजार. दहा वर्षे झाकून ठेवलेल्या गाडीची बाकी, पर्यावरण कर धरून, तिच्या भंगाराच्या किमतीवर जाऊ शकते. हा आकडा आरटीओतून काढून घ्या आणि बोलणी करताना तो कागद समोर ठेवा. नव्या सुरक्षित नंबरप्लेटचे ७४५ रुपये आणि जीएसटी शेवटी आहेतच.

गाडीखाली जाऊन पाहा

जाताना एक लोहचुंबक, जाड स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, वायर ब्रश, पेन्सिल आणि पांढरा कागद न्या. सकाळी जा, गाडी थंड असताना.

पहिले काम चेसीस नंबर. त्यावरची माती आणि रंग वायर ब्रशने काढा, कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नंबराच्या आसपास वेल्डिंगची शिवण, ग्राइंडरचे चकचकीत ओरखडे, वेगळ्या उंचीचे आकडे दिसले तर पुढचे काही पाहू नका. दुसऱ्या गाडीचा नंबर कापून बसवणे हा प्रकार जीपमध्ये नवा नाही. हरियाणातल्या मंडी डबवालीसारख्या ठिकाणी जीपची नवी कोरी बॉडी बांधून मिळते. बॉडी नवी असण्यात गुन्हा नाही, पण नव्या सांगाड्यावर जुना नंबर चढवलेला असेल तर पोलिसांना उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

मग पाठीवर झोपून चेसीसचे दोन्ही रूळ स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. घट्ट लोखंड खणखणते, कुजलेले भदभदते. कमानपाट्यांचे हँगर, मागचा आडवा तुकडा आणि हौद्याखाली पाणी साचते त्या जागा नीट पाहा. हँगरपाशी गंज असेल तर खर्च वीस-तीस हजारांनी वाढला असे धरा. रूळ वाकलेला किंवा मधोमध जोडलेला असेल तर गाडी सोडा. केबिनच्या पत्र्यावर चुंबक फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. पायाखालचा पत्रा गेलेला असणारच, तो सपाट असल्याने नवा घालता येतो. दरवाजाच्या कडा आणि काचेभोवतीची चौकट मात्र शाबूत हवी, ते वळण हाताने ठोकून आणणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत.

गाडी खरोखर फोर-बाय-फोर आहे का, हेही खाली गेल्यावरच कळते. अनेक एफसी फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या होत्या. मुख्य गिअरच्या दांड्याजवळ ट्रान्सफर केसच्या दोन छोट्या दांड्या असायला हव्यात आणि पुढच्या एक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट जागेवर हवा. कित्येक मालकांनी इंधन वाचवायला ‘फ्रंट’ काढून माळ्यावर टाकलेला असतो. तो माळ्यावर असेल तर आजच खाली काढायला लावा. ‘नंतर शोधून देतो’ म्हटलेला शाफ्ट येत नाही.

पुढच्या चाकामागे एक गोल कटोरी दिसेल, तिच्यावर स्टिअरिंगचे नकल फिरते. तिच्यावरून बोट फिरवा. गुळगुळीत आणि तेलकट असेल तर उत्तम. खड्डे पडलेली, तांबूस असेल तर नवे सील घालूनही ग्रीस गळत राहणार. गाडी जॅकवर घेऊन चाक वरून-खालून धरून हलवा. खटखट आली तर किंग पिनचे बेअरिंग संपले. चालवताना ताशी चाळीसला स्टिअरिंग थरथरू लागते ते बहुधा इथूनच. दुरुस्ती अवघड नाही. नवे बेअरिंग टाकून बारीक पत्र्यांच्या शिम कमी-जास्त करायच्या आणि नकल नेमके किती जोराने वळते ते ताणकाट्याने मोजायचे. अंदाजाने शिम घालणारा मेकॅनिक आणि ताणकाटा काढणारा मेकॅनिक यांच्यात मजुरीचा फरक दोन हजारांचा असेल, पण पुढची दहा वर्षे फरक रस्त्यावर जाणवेल.

आणि इंजिन? बोनेट नसल्याने ते केबिनमधले झाकण उघडूनच पाहावे लागते. जाम असेल तर किंमत पाडून मागा. फक्त ब्लॉक फुटलेला नाही एवढे पाहा. ‘हरिकेन’मध्ये हवा आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये असतात आणि धूर बाहेर टाकणारे थेट ब्लॉकमध्ये. त्यामुळे तापून तापून व्हॉल्व्हची सीट आणि सिलिंडर यांच्या मधल्या अरुंद जागेत चीर जाते. खोलल्यावर बोअर करण्याआधी तिथे डाय टेस्ट करून घ्या. काही शे रुपयांचे हे काम. ते न करता बोअर, रिंग आणि व्हॉल्व्हवर पन्नास हजार घातले आणि मग पाणी सिलिंडरमध्ये उतरले, तर तो पैसा गेलाच.

हिशेब

पुढचे आकडे पुणे, सांगली, कोल्हापूर भागातल्या छोट्या गॅरेजांच्या दरांचा अंदाज आहेत. मोठ्या शहरातल्या नावाजलेल्या रिस्टोरेशन वर्कशॉपमध्ये मजुरी सहज दुप्पट होते.

खरेदीचा तळ भंगाराच्या भावाने ठरतो. चौदाशे किलोच्या आसपासची गाडी, किलोला तीस रुपये धरले तर चाळीस-बेचाळीस हजार. कागद नसलेल्या गाडीची खरी किंमत एवढीच, आणि ती सुट्या भागांसाठी. कागद स्वच्छ, केबिन पूर्ण, पण बंद, अशी एफसी दीड ते साडेतीन लाखांत मिळावी. चालू असेल तर लाख-दीड लाख वर, पण चालू आहे म्हणून मोजलेले ते पैसे वाया जातात, कारण इंजिन तरीही खोलावेच लागते.

घरी आणायला ट्रकचे पंधरा ते पंचवीस हजार. ओढून आणू नका, जुने ब्रेक आणि सुकलेले डिफरन्शियल वाटेत दगा देतात. कागदांचे सगळे मिळून पस्तीस ते साठ हजार.

गाडी पूर्ण सोडवून चेसीस सँडब्लास्ट करणे, वेल्डिंग आणि प्रायमर यांना चाळीस ते साठ हजार. एक्सल, कमानपाटे, बुश, किंग पिन, स्टिअरिंग बॉक्स यांना साठ ते नव्वद. ब्रेकला वीस ते तीस हजार, आणि इथे एकही जुना पाइप वापरू देऊ नका. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि मास्टर सिलिंडरपासून निघणारी एकच लाइन आहे, एक पाइप फुटला की पेडल थेट तळाला जाते. शिवाय इंजिन आणि माणसे सगळी पुढे असल्याने रिकाम्या एफसीचा ब्रेक उतारावर जोरात दाबला की मागची चाके हलकी होतात. ब्रेकचे काम रंगाच्या आधी करून घ्यावे, असा आग्रह मी त्यासाठीच धरतो.

इंजिनाला नव्वद हजार ते दीड लाख. यात बोअर किंवा स्लीव्ह, पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, व्हॉल्व्ह, ऑइल पंप, वॉटर पंप, रेडिएटर आणि कार्बोरेटर आले. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात यातली बहुतेक मशीनिंगची कामे एकाच फेरीत होतात, बाहेरगावच्या ग्राहकानेही ब्लॉक तिथे पाठवणे परवडते. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप फुगतात, पंपाचा पडदा विरघळतो, टाकीत पाणी धरून गंज चढतो. इथेनॉल सोसणारे पाइप आणि पडदा घाला, टाकी आतून साफ करून घ्या. खर्च तीन-चार हजारांवर जात नाही, पण केबिनमध्ये पायाशेजारी इंजिन असलेल्या गाडीत पेट्रोलची गळती म्हणजे जिवाशी गाठ.

गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसला पस्तीस ते साठ हजार. ट्रान्सफर केसमध्ये साखळी नाही, सगळे दातेच आहेत, त्यामुळे तो सहसा मरत नाही. बेअरिंग, मधला शाफ्ट आणि सील बदलले की पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. वायरिंग, डायनामो किंवा अल्टरनेटर आणि दिवे, वीस ते तीस हजार.

सर्वांत मोठा आणि सर्वांत फसवा आकडा पत्र्याचा. सव्वा लाख ते अडीच लाख. पंचाहत्तर हजारांत करून देणारेही भेटतील. ते गंजावर पुट्टी भरतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. सडलेला भाग कापून नवा पत्रा जोडणे, दोन्ही बाजूंनी प्रायमर, मग रंग, हे काम महिन्यांचे आहे. हौदा स्वतंत्रपणे जाड पत्र्यात बांधून घ्या, त्याचे माप सरळ आहे. काच, रबर आणि सीटला चाळीस ते सत्तर हजार, स्टेपनी धरून पाच टायरांना चाळीस ते पंचेचाळीस.

खरेदी सोडून या सगळ्याची बेरीज सव्वापाच ते पावणेनऊ लाखांच्या घरात जाते. त्यावर पंधरा टक्के अडीअडचणीचे धरा, म्हणजे सहा ते दहा लाख. गाडीच्या किमतीसह साडेसात ते साडेतेरा. विकून हे पैसे परत येतील अशा आशेने कोणी उतरू नये. ज्याच्याकडे पाच लाखच आहेत त्याने रंग, सीट पुढे ढकलावेत. चेसीस, ब्रेक, स्टिअरिंग आणि इंजिन पूर्ण करून, प्रायमरमधली गाडी वर्षभर चालवावी. ती अर्धवट दिसते पण सुरक्षित असते. उलट क्रमाने गेलेल्या चकचकीत गाड्या वर्कशॉपांतून अर्धवट विकायला निघालेल्या दिसतात.

काम कोणाला द्यायचे

एकाच माणसाकडे सगळे देण्यापेक्षा यांत्रिक काम जीप मेकॅनिककडे आणि पत्रा वेगळ्या कारागिराकडे द्यावा. मेकॅनिकला विचारण्यासारखा एक प्रश्न पुरे : क्राऊन-पिनियनचा बॅकलॅश कसा तपासता? डायल गेज दाखवला, किंवा दातांना रंग लावून खूण कशी पाहतो ते सांगितले, तर त्याच्या हातात गाडी द्या. ‘हाताला कळते’ एवढेच उत्तर आले तर दुसरीकडे जा.

पैसे टप्प्याने द्या, आणि टप्पा काम पाहून ठरवा, तारखेवर नव्हे. सांगाडा प्रायमरमध्ये आला की इतके, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली की इतके, इंजिन सुरू झाले की इतके. सुटे भाग स्वतः विकत घेतले तर बिले तुमच्याकडे राहतात. सोडवताना प्रत्येक जोडाचा फोटो काढा, नटबोल्ट चिठ्ठी लावून वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा, आणि जुना भाग नवा बसेपर्यंत भंगारात टाकू देऊ नका. मिळालेला नवा भाग अनेकदा किंचित वेगळा निघतो आणि लेथवर नमुना म्हणून जुनाच लागतो. मुदत वर्ष ते दीड वर्ष धरा. पावसाळ्यात रंगकाम थांबवावे लागते, हे कारागीर सांगेल तेव्हा ते ऐका.

गाडी रस्त्यावर आली की पहिले पाचशे किलोमीटर ताशी चाळीसच्या वर नेऊ नका आणि चढावर गिअर लवकर उतरवा. पाचशेला इंजिन ऑइल बदलून हेडचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा कसा, व्हॉल्व्हचे टॅपेट तपासा, चाकांचे नट आणि कमानपाट्यांचे यू-बोल्ट आवळा. त्याच वेळी ग्रीस गन घेऊन खाली जा. प्रॉपेलर शाफ्टचे जॉइंट, शॅकल, स्टिअरिंगचे दांडे, प्रत्येक निपलमधून जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत दाबा. यानंतर दर हजार किलोमीटरला ग्रीस, आणि चिखलापाण्यातून गाडी काढली असेल तर त्याच आठवड्यात, किलोमीटर न मोजता.